बैलाचा सोमवार

घोळीच्या भाजीची जुडी सोडताना सिद्धम्मानं एकदम हात झटकला आणि तिच्या बांगड्या वाजल्या. रेवणप्पा उंबऱ्यात बसून शेरवानीची खालची बटणं लावत होता. त्यानं मान वर केली. कचेरीला निघायच्या वेळी बायकोनं कशालाही दचकावं हे त्याला मुळीच आवडत नसे. त्याला दिवस कोऱ्या कागदासारखा लागे, कुठं सुरकुती म्हणून नको. “अळी हाय हो,” सिद्धम्मा म्हणाली, “तुमच्या अव्वानं भाजीसंगं धाडलेली.” सासूला टोमणा मारायची संधी ती सहसा सोडत नसे, आणि सासू जवळ असती तर तीही हसली असती. काल रविवारच्या बाजाराला येडशीहून सालगडी बब्रुवान आला होता, त्यानं भाजी आणून दिली होती. ती सुकू नये म्हणून सासूनं, मल्लम्मानं, ज्वारीच्या हिरव्या पानांत गुंडाळली होती. रेवणप्पानं त्यातलं एक पान उचललं. दोन्ही कडा कुरतडून मधली शीर तेवढी राहिली होती, आणि तिच्या टोकाला बोटाच्या दोन पेरांएवढी मातकट हिरवी अळी अंगाचं कडं करून पडली होती. पाठीवर दोन्ही बाजूंनी पट्टे. त्यानं पान उजेडाकडं धरलं. पंचवीस वर्षांत त्यानं ही अळी पाहिली नव्हती, पण ओळखायला त्याला पापणी लवायचाही वेळ लागला नाही. “आज वार कोणता?” त्यानं विचारलं. “सोमवार की. श्रावणातला. उपास हाय तुमचा, इसरलात का?” सिद्धम्मा म्हणाली. तो विसरला नव्हता.

निजामाच्या राज्यात, धाराशिवच्या कचेरीत रेवणप्पा नक्कलनवीस होता. फैसले, दाखले, जमिनीचे नकाशे, जे कुणी मागेल त्याची उर्दूत हुबेहूब नक्कल करून द्यायची, एवढंच त्याचं काम. या कामाला कुणी थोर म्हणणार नाही, आणि रेवणप्पालाही तसं वाटत नव्हतं. पण ते त्याला मनापासून आवडे. बोरूची धार, दौतीतल्या शाईचा आंबूस वास, उजवीकडून डावीकडे शांतपणे चालत जाणारी ओळ. त्याची ओळ पट्टी न लावता सरळ येते अशी साऱ्या कचेरीत ख्याती होती. घरी बायको हसती, पोटाला भाकर, शुक्रवारी सुट्टी. माणसाला आणखी काय पाहिजे, असं तो कधी कधी मोठ्यानं म्हणे, आणि म्हणून झाल्यावर बोरूला उगीच धार लावत बसे. आज मात्र ओळ हलत होती. अक्षरांना पट्टे आल्यासारखं वाटत होतं. ही अळी एकटीदुकटी येत नाही हे त्याला ठाऊक होतं. आधी ती गायरानातल्या गवतात वाढते, तेव्हा कुणाचं लक्षही जात नाही. मग गवत संपतं, आणि एके दिवशी उन्हं कलली की सगळीच्या सगळी, लाखांनी, पलटणीसारखी निघते आणि वाटेत येईल ते पीक एका रात्रीत फस्त करते. तिला अडवायचा उपाय एकच. बांधाच्या कडेनं नांगराचं खोल तास मारायचं, पिकाकडची बाजू उभी कापलेली ठेवायची, म्हणजे अळ्या चरात पडतात आणि वर चढू शकत नाहीत. दोन बैल आणि एक नांगर असला तर तासाभराचं काम. पण त्यांच्या घरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. बैल म्हणजे बसवण्णा, महादेवाचा नंदी, आणि सोमवार हा बसवण्णाचा वार. पेरणी तोंडावर आलेली असो, वाफसा निघून जात असो, सोमवारी बैल दावणीला रवंथ करत बसणार. पानावर आलेली ती एक अळी म्हणजे पुढं आलेला टेहळ्या होता. बाकीच्या आज निघणार, असं रेवणप्पाचं मन त्याला सांगत होतं.

तो नऊ वर्षांचा होता तेव्हाही सोमवारच होता. खरं म्हणजे त्याला त्या दिवसातलं फार थोडं आठवत होतं, आणि जे आठवत होतं त्यातलं कितीतरी त्यानंच पुढं भरून घेतलं असेल. आप्पा, म्हणजे त्याचे वडील महांतप्पा, बांधावर उभे होते हे नक्की. शेजारच्या शेतांतून बैलांना हाकलल्याचे आवाज येत होते, माणसं घाईनं चर मारत होती, आणि आप्पा हात मागं बांधून उभे होते. मग अंधार पडायच्या सुमाराला एक आवाज सुरू झाला. पाऊस नसताना झिमझिम पावसासारखा, बारीक, न थांबणारा. तो अळ्यांनी ज्वारी खाण्याचा आवाज होता. तो आवाज त्याला अजूनही कधी कधी, कचेरीत दहा-पंधरा बोरू एकदम कागदावर चालू लागले की, ऐकू येई आणि मानेवरून काटा सरके. मंगळवारी सकाळी रानात नुसत्या शिरा उभ्या होत्या. त्या वर्षी घरात दाणा नव्हता, आणि दिवाळीच्या आत एका बुधवारी आप्पांनी त्याला गाडीत बसवून धाराशिवला इरम्मा आत्याकडं आणून सोडलं. “शिकंल,” एवढंच आप्पा बोलले. आत्यानं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, मौलवीसाहेबांनी हात धरून अक्षर घोटून घेतलं, आणि सगळं चांगलंच झालं. म्हणजे त्याच्या या सरळ ओळी, ही शेरवानी, सिद्धम्मासुद्धा, सगळं त्या एका सोमवारातून निघालं होतं. तक्रार करायला जागाच नव्हती. तरी कुठंतरी एक कुसळ राहिलं होतं. आप्पांना बैलाचा सोमवार मोठा वाटला आणि मी लहान वाटलो, हे ते कुसळ. ते त्यानं कधी कुणाला दाखवलं नाही. आप्पांना तर नाहीच. दुसऱ्या वर्षी सुट्टीला गावी गेला तेव्हा गोठ्याच्या आढ्याला एक नांगर टांगलेला दिसला, नव्या लाकडाचा, एवढासा, बैलांना कुठूनही न जुळणारा. हा आपल्यासाठी केलेला खेळ आहे, असं त्याला वाटलं होतं. आप्पा काढून देतील म्हणून तो सुट्टीभर वाट पाहत राहिला. आप्पांनी दिला नाही, त्यानं मागितला नाही. पुढं त्याची स्वतःची पोरं त्या नांगराला लोंबकळून झोके घेऊ लागली की आप्पा ओरडत, “त्येला हात लावू नगा!” आणि रेवणप्पाच्या मनातलं ते कुसळ जरा आत सरके.

“रुखसत?” त्याच्या वरचे अधिकारी पेशकारसाहेब यांनी चष्म्यावरून पाहिलं. दहा वर्षांत या माणसानं दोनदा रजा मागितली होती, आणि त्यातली एक स्वतःच्या लग्नाला. “सबब?” “ज्वारीला अळी पडली, साहेब.” पेशकारसाहेब भले गृहस्थ होते, पण चिमटा काढल्याशिवाय त्यांना पान पचत नसे. “तो तुम जाके क्या करते, मियाँ? कीड़ों को उर्दू पढ़ाते?” म्हणून ते हसले आणि त्यांनी अर्जावर सही केली. अकराच्या मोटारीनं रेवणप्पा निघाला. शेरवानी तशीच अंगात, डोक्यावर रुमी टोपी, खिशात पानात गुंडाळलेली ती अळी. का घेतली ते त्यालाही सांगता आलं नसतं. चार दिवस पावसानं उघडीप दिली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी मांडीइतकी झालेली, शेंड्याचे पोंगे उमललेले, पानांवर काळपट हिरवी झाक. एवढं चांगलं पीक त्यानं पुष्कळ वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि भीती पोटात असूनही त्याला बरं वाटलं. पीक चांगलं दिसलं की शेतकऱ्याच्या पोराला बरं वाटतं, तो मग किती का उर्दू लिहीना. मोटारीत तो मनाशी मसुदा तयार करत राहिला. आप्पा, बैलाला पुसलंय का कुणी? आप्पा, धर्म माणसासाठी की माणूस धर्मासाठी? प्रत्येक वाक्य लिहायला छान होतं, बोलायला निकामी. सत्तरीला टेकलेल्या, गळ्यातलं लिंग हातात घेतल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या माणसापुढं हे बोलायचं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. येडशीचा फाटा आला तेव्हा त्याच्याजवळ एकच वाक्य शिल्लक होतं, आणि ते वाक्य पंचवीस वर्षं जुनं होतं.

रानात पोचला तेव्हा दुपार भरात होती. गायरानाच्या बाजूला बगळे आणि साळुंक्या एवढ्या उतरल्या होत्या की जमीन पांढरीकाळी दिसत होती. अळी कुठवर आली हे पाखरांनीच सांगून टाकलं होतं. आप्पा बांधावरच्या लिंबाखाली मांडी घालून बसले होते आणि अंबाडीचं दोरखंड वळत होते. रेवणप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पीक जायची वेळ आली, आणि म्हातारा दोऱ्या वळतोय! अव्वा पलीकडं खोरं घेऊन उभी होती. बब्रुवान बांध उतरून पुढं आला. “बरं झालं आलात, मालक. म्या सकाळधरनं सांगायलोय, तेरखेड्याच्या फटाकेवाल्याचे दोन बाँब आणून गायरानात उडवावं. समद्या अळ्या बालाघाटाच्या डोंगरात पळत्याल.”

“अळ्याला कान असत्यात का रं?” आप्पा मान वर न करता म्हणाले. मग लेकाकडं पाहून, “आज शुक्रवार हाय का? कसा आलास?”

“आप्पा, अळ्या आल्यात.” त्यानं खिशातली अळी काढून दाखवली. आता ती मेली होती.

“बघायलोय. एवढी धाराशिवाहून आणायची काय गरज हुती? हितं लई हायत.” अव्वा तोंडाला पदर लावून हसली.

“कधी निघतील?”

“उन्हं कलली की. गायरान संपलंय त्येंचं.”

“मग बांधाला चर मारायला पाहिजे.”

“मारायला पायजे की.”

“शेजारच्या उत्तरेश्वराची जोडी मागून आणू? त्यांना सोमवार नसतो.”

“उत्तरेश्वराला नसंल. त्येच्या बैलाला का न्हाय?” आप्पांनी दोरखंडाला पीळ भरला. “तू शुक्रवारी कचेरीत जातूस का?”

“शुक्रवारी सरकारी सुट्टी असती, आप्पा.”

“तुला निजाम सरकारनं दिली, बैलाला बसवण्णानं. तुझी चालती, बैलाची न्हाय?”

 एरवी रेवणप्पा हसला असता. आज नाही. उन्हानं शेरवानीच्या आत घाम ओघळत होता, समोर मांडीइतकी हिरवी ज्वारी वाऱ्यावर डुलत होती, तिला काही माहीत नव्हतं. आणि तो बोलून गेला. “त्या साली बी सोमवारच होता, आप्पा. मंगळवारी रानात शिरा होत्या नुसत्या. आणि मग मला आत्याकडं नेऊन टाकलं.” ‘नेऊन सोडलं’ म्हणायचं होतं, ‘टाकलं’ निघून गेलं. अव्वाच्या हातातलं खोरं खाली टेकलं. बब्रुवान पाखरांकडं पाहू लागला. आप्पांचे हात दोरावर थांबले. त्यांनी लेकाकडं पाहिलं, बराच वेळ, रागानं नव्हे. दुरून येणारं माणूस ओळखीचं आहे का हे बघावं तसं. मग दोरखंडाला शेवटची गाठ मारली आणि गुडघ्यावर हात रोवून उठले. “चल,” ते म्हणाले, “गोठ्यात चल. एकट्यानं निघत न्हाय आता.”

गोठ्यात बैल रवंथ करत होते, कपाळावर सकाळच्या विभूतीचे पट्टे. आप्पांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि आढ्याकडं बोट दाखवलं. रेवणप्पानं पाय उंचावून तो नांगर खाली घेतला. इतक्या वर्षांत त्यानं त्याला पहिल्यांदाच हात लावला होता. त्याला वाटलं होतं, धुळीनं भरलेला असेल, किडलेला असेल. हाताला तेल लागलं. लाकूड काळंभोर, गुळगुळीत. फाळावर गंजाचा ठिपका नाही. रुमणं, मागून धरायचा दांडा, मोठ्या माणसाच्या हाताला बेतलेलं, बैलाच्या नांगराचं असतं तेवढंच. आणि पुढं जिथं जू असायचं तिथं एक आडवी दांडी, दोन माणसांच्या छातीला बसेल एवढी. तो पाहतच राहिला. हा खेळ नव्हता. लहान होता, पण पोरासाठी केलेला नव्हता. “अव्वा, ह्यो...” त्यानं अव्वाकडं पाहिलं. अव्वा दारात उभी होती. “तू धाराशिवला गेलास, त्येच्या दुसऱ्या महिन्यात सुताराच्या मागं लागून करून घेतला,” ती म्हणाली. “तवापासनं दर श्रावणात नवी दोरी वळत्यात, तेल लावत्यात, आन् परत टांगून ठिवत्यात. म्या म्हनलं, कशापायी? तर म्हनत्यात, एकांद्या सोमवारी लागंल.”  गोठ्यातला शेणाचा, कडब्याचा उबदार वास नाकात भरला. पंचवीस श्रावण. तो आत्याकडं बाराखडी घोटत होता तेव्हा, शेरवानी शिवून घेत होता तेव्हा, संसार मांडत होता तेव्हाही, दर श्रावणात इथं एक माणूस एकटा बसून दोर वळत होता.

बांधावर आल्यावर आप्पांनी दांडीच्या दोन्ही टोकांना खांद्यावरून घ्यायला दोरखंड बांधलं आणि डोक्याचा पटका सोडून छातीशी दुमडून घेतला. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला बब्रुवान. “आप्पा, मी ओढतो,” रेवणप्पा म्हणाला. “तू मागं धर. लई सरळ ओळ येती म्हनं तुझी. बघू दे.” शेरवानी लिंबाच्या फांदीवर गेली, तिच्यावर टोपी. त्यानं रुमणं धरलं. पुढं दोन वाकलेल्या पाठी, एक काळी तुकतुकीत, एक सुरकुतलेली, मध्ये पाठीचा कणा मण्यांच्या माळेसारखा. त्या पाठी ताणल्या, दोर कुरकुरला, आणि फाळ मातीत शिरला. काळी माती ओली होती, अलगद उलटत गेली. पहिली दहा पावलं तास वाकडं गेलं. “ह्ये काय, उर्दूत चाललंय व्हय?” आप्पा धापा टाकत म्हणाले. मग त्याला हाताचा दाब कळला, आणि तास सरळ येऊ लागलं. तळव्यांना माती चिरल्याची थरथर जाणवत होती; बोरू कागदावर चालतो तशीच ती थरथर, फक्त कोपरापर्यंत येणारी. अर्ध्या बांधाला आप्पांचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. रेवणप्पानं रुमणं त्यांच्या हातात दिलं आणि दांडीला छाती लावली. दोर खांद्यात रुतला. बाजूला बब्रुवान, मागं आप्पा, “हं, हं” करत, जसं ते बैलांना करत तसं. अव्वा मागून खोऱ्यानं चराची उभी बाजू तासत होती आणि पाच-पाच हातांवर खड्डा खणत होती. तीन फेऱ्या झाल्या. गोठ्याच्या दारातून बैलांनी एकदा माना बाहेर काढून पाहिलं. अव्वा म्हणाली, “बघा, बसवण्णा हसायलेत.” सगळे हसले, आणि हसण्यात रेवणप्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते घामात खपून गेलं.

उन्हं कलली तेव्हा त्या आल्या. आधी दिसलंच नाही. गायरानाचा कडेचा पट्टा हलतोय असं वाटलं, मग तो पट्टा जवळ आला. चर अजून पुऱ्या खोलीनं बांधाच्या टोकाला पोचायचा होता, शेवटच्या फेरीतली वीस-पंचवीस पावलं उरली होती. ती त्यांनी जवळजवळ पळत ओढली. पुढच्या अळ्या चराच्या काठाशी आल्या आणि टपटप खाली पडू लागल्या. उभ्या बाजूवर चढत, निम्म्यावरून घसरत, पुन्हा चढत, मग कंटाळून चराच्या तळानं चालू लागत आणि अव्वानं खणलेल्या खड्ड्यांत जाऊन साठत. खड्डा भरला की अव्वा आधी हात जोडी, “श्रावण हाय, माफ करा रे बाबांनो,” म्हणे आणि मग खोऱ्यानं माती लोटी. टोकाच्या बाजूला चार-सहा ओळी गेल्या, चर पोचायच्या आधीच त्या तिथून आत शिरल्या होत्या. बाकीची ज्वारी उभी होती. अंधार पडला तरी तो झिमझिम आवाज आला नाही. रेवणप्पा कान देऊन उभा राहिला. रातकिडे होते, चराच्या तळाशी बारीक सळसळ होती, पण रानातून, ज्वारीच्या आतून, काही नाही. त्यानं एवढी चांगली शांतता कधी ऐकली नव्हती.

आप्पा लिंबाला पाठ टेकून बसले होते. अव्वानं उपास सोडायला भगर आणली होती. रेवणप्पा त्यांच्याशेजारी मातीतच बसला. खांद्यावर दोराचे वळ उठले होते. दोघांच्याही, एकाच जागी. “आप्पा,” तो म्हणाला, “त्या साली हे का नाही सुचलं?” आता त्यात तक्रार नव्हती, खरंच विचारायचं होतं. आप्पांनी भगरीचा घास हातात धरून ठेवला. “सुचलं की,” ते म्हणाले. “मंगळवारी सुचलं.” त्यांनी घास तोंडात घातला, हळूहळू चावला. “सोमवारी बांधावर हुबा राहून म्या बैलाचाच इचार केला दिसभर. बैल जुपू का नगं, जुपू का नगं. मंगळवारी सकाळी शिरा बघितल्या आन् मनात आलं, आरं महांतप्पा, सोमवार बैलाला हाय. तुला कुठं हाय?”  बब्रुवान खड्ड्यांवरून चक्कर मारून आला, “पलीकडं सगळं ठीक हाय,” म्हणाला आणि घरी गेला. रेवणप्पानं फांदीवरची शेरवानी काढली, झटकली, आणि घडी करून मांडीवर ठेवली. मनातलं कुसळ चाचपून पाहिलं, जीभ दातातून काही निघालंय का हे बघते तसं. ते तिथं नव्हतं.

“उद्या मंगळवार,” आप्पा म्हणाले. ते त्याच्याकडं पाहत नव्हते. अंधारात जिथं ज्वारी होती तिकडं पाहत होते. “बैल जुपून चर जरा खोल करावा म्हनतो. राहिलेल्या दोन दिस यायच्या.” त्यांनी घसा खाकरला. “तुझी कचेरी हाय. तरी पुसतो. ऱ्हातूस?”

नऊ वर्षांच्या पोराला हे कुणी विचारलं नव्हतं. रेवणप्पानं शेरवानी बाजूला सारली.

“ऱ्हातो की, आप्पा,” तो म्हणाला.